वळसंगच्या रस्त्यावर अडणारी मोटार

मोटार सुरू होईना झाली की तिचा मालक आधी तिच्यावर रागावतो, मग ड्रायव्हरवर रागावतो आणि शेवटी मिस्त्रीला बोलावतो. म्हणजे मिस्त्रीकडे येईपर्यंत त्याच्याजवळ थोडाफार राग शिल्लक असतोच, आणि तो आमच्या वाट्याला येतो. सात रस्त्याच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये माझं गॅरेज होतं. तिथं बसून मी उभ्या आयुष्यात दुसरं काही केलं नाही, न चालणाऱ्या मोटारी चालत्या केल्या आणि लोकांचा राग ऐकून घेतला. आता गॅरेज दुसऱ्याच्या हातात आहे. मी सकाळी तिथवर फिरायला जातो, लांबून आवाज ऐकतो आणि कोणत्या गाडीचा कोणता प्लग चुकतोय ते मनातल्या मनात ठरवून परत येतो. कुणी विचारलं तर सांगेन, पण कुणी विचारत नाही.

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी म्हटलं, माझ्या अनुभवांना हात लावाल तर तुमचे कागद काळे होतील. तरीही आग्रह झाला. तेव्हा एकोणीसशे तिसाच्या आगेमागे सोलापुरात मोटारी कशा अडायच्या, हे जरा सांगतो.

त्या काळच्या मोटारीत न समजण्यासारखं काही नव्हतं. इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. पेट्रोल टाकीतून नळीनं खाली कार्ब्युरेटरमध्ये येतं. कार्ब्युरेटर म्हणजे एक लहानसं भांडं समजा. त्यातल्या बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडतो, तो हवेत मिसळतो, ते मिश्रण इंजिन ओढून घेतं आणि वेळेवर ठिणगी पडली की पेट घेतं. बस, एवढंच. या तिघांपैकी एकानं जरी रुसवा धरला, की पुढं हँडल मारणाऱ्याच्या खांद्याचा पिट्ट्या पडतो. मग कोण रुसलंय ते शोधायचं.

माझा उस्ताद शहरातलाच होता, दखनी बोलायचा. तो म्हणायचा, "पैले नाक, बाद में कान, पाना सबके आखिर में." गाडीजवळ जाऊन आधी वास घ्यायचा. कच्च्या पेट्रोलचा वास भपकन आला तर इंजिन पेट्रोल पिऊन तट्ट झालंय. वास अजिबात नाही, तर पेट्रोल पोचतच नाही. मग हँडल फिरवून आवाज ऐकायचा. एवढ्यानंच निम्मं काम होतं. आजकालचे गडी आधी पाना उचलतात आणि नाक फक्त शिंकायला वापरतात, असं मी म्हटलं तर ते हसतात. हसू देत.

एक वकीलसाहेब होते. गाडी सकाळी घरून झकास निघायची आणि दुपारी कचेरीतून परतताना ढिम्म हलायची नाही. माझ्याकडे ओढून आणली की मी प्लग काढून पुसायचो, सगळे ओलेचिंब असायचे. पुन्हा दोन दिवसांनी तेच. शेवटी मी एकदा सकाळी त्यांच्या शेजारी बसून कचेरीपर्यंत गेलो. वकीलसाहेबांनी गाडीत बसल्याबरोबर आपली कागदपत्रांची जड पिशवी समोरच्या फळीवरच्या एका मुठीला अडकवली. ती मूठ चोकची. ती बाहेर ओढली की इंजिनाची हवा कमी होते, पेट्रोल जास्त जातं आणि मागं काळा धूर सुटतो. गार इंजिन सुरू करायला ते लागतं, पण नंतर मूठ आत ढकलायची असते. इथं पिशवीच्या वजनानं ती कायमची बाहेर.

"अहो, मग ती मूठ दिलीय कशाला?" वकीलसाहेब म्हणाले.

"साहेब, पिशवीसाठी नाही दिलेली."

"तरीच मी म्हणतो, आपण आलो की माणसं खोकायला का लागतात!" असं म्हणून ते स्वतःच इतके हसले की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. पुढं त्यांनी ती गोष्ट कचेरीत सगळ्यांना रंगवून सांगितली, आणि प्रत्येक वेळी त्यात माझी हुशारी थोडी वाढत गेली. आपल्या फजितीवर असं मोकळं हसणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

उन्हाळ्यात दुसरीच तऱ्हा. सोलापूरचं ऊन तुम्हांला सांगायला नको. नळीतलं पेट्रोल तापून त्याची वाफ व्हायची आणि गाडी भर चौकात बसायची. मी ओलं फडकं नळीला गुंडाळायचो, जरा थांबायचो आणि हँडल मारायचो, की गाडी सुरू. बघणाऱ्यांना वाटायचं, मिस्त्रीनं मंतरलेलं पाणी आणलंय. मीही ते खोडून काढायला जायचो नाही.

पण ज्या मोटारीसाठी मी हे लिहायला बसलो, ती शुक्रवार पेठेतल्या बायकांच्या दवाखान्याची. तिथं डॉक्टर यमुनाबाई होत्या. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, विचारणं फार. त्या काळी बाईनं डॉक्टर होणं हीच नवलाई, त्यातून या बाई आठवड्यातून एकदा मोटारीनं दक्षिणेकडच्या गावांना जायच्या. वळसंगपर्यंतच्या वाटेवर कुणाच्या ओसरीत, कुठं देवळाच्या पारावर त्यांचा दवाखाना मांडलेला असायचा. बायका लांबलांबून चालत येऊन वाट बघत बसायच्या. मी त्यांना एकदाच, तेही दाराबाहेरून, काम करताना ऐकलं, ते पुढं येईलच, पण त्या एका वेळेवर माझा त्यांच्याबद्दलचा आदर आजवर टिकून आहे.

त्यांचा ड्रायव्हर मल्लप्पा. उंचापुरा लिंगायत गडी, वळसंगचाच. बायको गावी, हा इथं दवाखान्याच्या मागच्या खोलीत. पूर्वी बैल हाकायचा, आणि मोटारीलाही तो बैलासारखाच वागवायचा. म्हणजे किती मायेनं, ते ज्यांनी बैल पाळलेत त्यांना कळेल. पहाटे उठून गाडी धुणार, पुसणार, हुड झटकणार. ती गाडी चार सिलिंडरची, कापडी हुडाची. तिची पेट्रोलची टाकी काचेच्या पुढं, बॉनेटच्या मागच्या अंगाला होती आणि टाकीचं पितळी झाकण काचेसमोर बरोबर मध्यावर. मल्लप्पाच्या हिशेबी ते मोटारीचं कपाळ. आंघोळ करून तो स्वतःच्या कपाळावर विभूती लावायचा आणि त्याच ओल्या बोटांनी झाकणावर तीन आडव्या रेघा ओढायचा. मगच हँडलला हात.

आमच्या गॅरेजचा एक दंडक होता. गाडीवरच्या गंध, कुंकू, विभूतीला तेलकट हात लावायचा नाही. हा दंडक माझ्या मुसलमान उस्तादानं घालून दिला होता. दसऱ्याला पुजलेल्या गाडीचं बॉनेट उघडायचं तर तो आधी हात साबणानं धुवायचा. त्यामुळं दवाखान्याची गाडी आली की मी ते झाकण स्वच्छ फडक्यानं, कडेला धरून काढायचो आणि तसंच अलगद बाजूला ठेवायचो. त्या रेघा कधी मोडल्या नाहीत.

एका वर्षी दिवाळी झाली आणि गाडी वळसंगच्या रस्त्यावर अडायला लागली. गावात कितीही फिरवा, काही नाही. वळसंगकडे निघाली की वाटेवरचं कुंभारी गाव मागं टाकेपर्यंत बरी, आणि मग आचके देत बंद. मल्लप्पा खटपट करायचा, थोड्या वेळानं चालू व्हायची, पुढं जाऊन पुन्हा बसायची. मी गाडी खोलली. कार्ब्युरेटर साफ केला, फवाऱ्याचं छिद्र, म्हणजे जेट, फुंकलं, नळी फुंकली, टाकीच्या तळात पाणी साचलं असेल म्हणून सगळं पेट्रोल काढून गाळून पुन्हा भरलं. प्लग नवे घातले. माझ्या दारात पहिल्या हँडलला सुरू. पुढच्या फेरीत पुन्हा कुंभारीच्या पुढं तेच रडगाणं.

"मिस्त्री, हितं राजावानी चालती की," मल्लप्पा मला म्हणाला. "तितं गेली की बसती. त्या वाटंला कायतरी हाय बगा. मी नारळ फोडला, लिंबू ठिवलं, न्हाय ऐकत."

एरवी मी हसलो असतो. पण मल्लप्पाच्या घरची गोष्ट मला माहीत होती. त्याची एकुलती एक लेक महादेवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, वळसंगला आली होती. दिवस भरत आले होते. यमुनाबाईंनी तिला तपासून सांगितलं होतं की मूल पायाळू आहे, डोकं वर आणि पाय खाली. तसं मूल अडतं आणि अडलं तर गुदमरतं. बाई म्हणाल्या, दवाखान्यात आणा. पण पहिलं बाळंतपण आईच्या घरीच, यावरून मल्लप्पाची बायको हलायला तयार नव्हती. मग बाईंनी एवढंच वचन घेतलं, की कळा सुरू झाल्या की लगेच निरोप धाडायचा, मी येते. आता बाई येणार त्या याच मोटारीनं. आणि मोटार तर त्याच रस्त्यावर अडून बसते.

"बाई हायत, पर गाडी न्हाय पोचली तर काय उपेग मिस्त्री?" हे बोलताना त्या एवढ्या थोरल्या गड्याचे डोळे भरून आले. आपल्याला आपलं काम येतं, असा ज्याला गर्व असतो त्याला अशा वेळी फार लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई स्वतः गॅरेजात आल्या. मी खुर्ची शोधायला लागलो, तर त्या सरळ तेलाच्या पालथ्या डब्यावर बसल्या आणि मल्लप्पाला विचारायला लागल्या. रोग्याला विचारावं तसंच.

"गाडी बंद पडली की तू सगळ्यांत आधी काय करतोस?"

"खाली उतरतो की."

"मग?"

"मग टाकी बगतो. झाकण काडून आत काडी घालतो, पेट्रोल किती हाय त्ये बगतो."

"असतं?"

"भरपूर असतंय बाई. वळसंगला जायाचं म्हणून मी काटोकाट भरून घेतो. मग झाकण लावतो, शिवाचं नाव घेतो आन् हँडल मारतो."

"लगेच सुरू होते?"

"दोन-चार हँडलं खाती. मग व्हय."

"प्रत्येक वेळी असंच? कधी झाकण न काढता नुसतं हँडल मारून पाहिलंस?"

मल्लप्पा विचारात पडला. "न्हाय बाई. पेट्रोल बगितल्याबिगर हँडल कशापायी मारायचं?"

बाई माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, तुमच्याकडे गाडी आली की तुम्ही पहिलं काय करता?"

"तेच. झाकण काढून टाकी बघतो."

"म्हणजे आपण तपासायच्या आधीच रोग्याला कुणीतरी औषध देतंय," बाई म्हणाल्या. "मग रोग कसा दिसणार? पुढच्या वेळी तुम्ही गाडीतून चला. बंद पडली की कुणी कशालाही हात लावायचा नाही, मिस्त्रींनी सांगेपर्यंत."

मी सांगतो, धंद्यात इतकी वर्षं घालवली होती, पण असा प्रश्न मला सुचला नव्हता. मी गाडी तपासत होतो, बाईंनी गाडी अडल्यावर माणसं काय करतात ते तपासलं. डॉक्टरकी आणि मिस्त्रीकी यांत फारसं अंतर नाही, असं मी आधी गमतीनं म्हणायचो. त्या दिवसापासून गमतीनं म्हणायचं सोडलं.

पुढच्या वेळेची वाट बघावी लागली नाही. एक-दोन दिवसांतच सकाळी वळसंगहून येणाऱ्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीबरोबर निरोप आला, की महादेवीला कळा सुरू झाल्या. ती सर्व्हिस मोटार परतायची संध्याकाळी. बाईंनी पिशवी उचलली, मल्लप्पानं गाडी माझ्या दाराशी आणली आणि मी पान्यांची गुंडाळी घेऊन मागच्या बाजूला चढलो. झाकणावर विभूतीच्या ताज्या रेघा होत्या. जाड, पांढऱ्याशुभ्र.

दोन्हीकडं ज्वारी उभी होती. कुंभारी मागं पडली, आणि थोडं पुढं गेल्यावर इंजिनानं पहिला आचका दिला. मग दुसरा. मग गाडी घरंगळत जाऊन उभी राहिली. मल्लप्पा उडी मारून खाली उतरला आणि त्याचे दोन्ही हात झाकणाकडं गेले.

"मल्लप्पा, थांब," बाई म्हणाल्या.

"बाई, झाकण काडून हँडल मारतो, चालू हुती. मला म्हाईत हाय. पोर तितं..."

"सुरू होईल आणि पुढं पुन्हा बसेल. प्रत्येक वेळी आणखी उशीर होईल. मिस्त्रींना पाहू दे."

तो थांबला. लेक तिकडं कळा देतेय, आणि ज्यानं गाडी चालू होते ते हातापाशी असताना तो थांबला. बाईंच्या शब्दावर त्यानं दोन्ही हात मागं घेतले आणि पाठीमागं बांधून उभा राहिला. मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली, पण विश्वास टाकणं म्हणजे काय ते मी त्या उभ्या राहण्यात पाहिलं.

माझ्या हाताला घाई होती, पण मी उस्तादाला आठवून आधी नाक खाली नेलं. पेट्रोलचा वास नाही. प्लगची तार काढून इंजिनाच्या अंगाजवळ धरली, मल्लप्पाला हँडल फिरवायला सांगितलं. ठिणगी तडातड. म्हणजे ठिणगीचा दोष नाही. कार्ब्युरेटरच्या खालची तोटी उघडली. थेंब, दोन थेंब, आणि कोरडी. वर टाकी काटोकाट भरलेली, खाली भांडं रिकामं. नळी तर मी फुंकून साफ केलेली. तोटी तशीच उघडी ठेवून मी वर गेलो, स्वच्छ फडक्यानं झाकण कडेला धरलं आणि फिरवलं.

सूंऽऽ करून हवा आत गेली. आणि खाली तोटीतून पेट्रोलची धार लागली.

ज्यांनी तेलाचा डबा ओतलाय त्यांना हे सांगायला नको. डब्याला एकच भोक पाडलं तर धार गचके खात येते आणि थांबते. दुकानदार म्हणूनच दुसरीकडं एक भोक पाडतो, हवा आत शिरायला. पेट्रोलच्या टाकीचंही तसंच. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाच्या मध्यावर सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते बुजलं की टाकी आतून पेट्रोल धरून ठेवते, सोडत नाही. टाकी काटोकाट भरलेली असेल तर आणखी लवकर. थोडा वेळ गाडी चालते, मग उपाशी मरते. झाकण काढलं की पुन्हा जिवंत. गावात जवळच्या फेऱ्या, त्यात टाकी अर्धी, म्हणून तिथं काही दिसायचं नाही.

मी झाकण उलटं करून उन्हाकडं धरलं. भोकातून उजेड येईना. आत पांढरं, घट्ट वाळलेलं. रोजच्या ओल्या रेघा एकावर एक वाळून त्यांची खपली धरली होती. पूर्वी तीन फिकट रेघा असायच्या. लेक माहेरी आली, मूल पायाळू आहे हे कळलं, आणि मल्लप्पाचं बोट रोज जास्त विभूती घ्यायला लागलं. जितकी काळजी, तितका थर. वर बाईंना पेट्रोलचा वास सोसत नाही म्हणून त्यानं झाकणाखाली चामड्याचा नवा वायसर घालून घेतला होता. कडेनं जी हवा जायची तीही बंद.

मी बाईंकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं. गाडी पोचावी म्हणून तो माणूस जे करत होता, त्यानंच गाडी अडत होती, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"काय सापडलं मिस्त्री?" मल्लप्पानं विचारलं.

"झाकणाचं भोक बुजलंय."

"कशानं?"

तो जवळ आला, माझ्या हातातलं झाकण त्यानं पाहिलं, मग अंगठा त्या खपलीवरून फिरवला.

"अय्यो शिवा," तो म्हणाला. "हे तर माजं हाय. मीच आडवा पडलो व्हय?"

त्याचा चेहरा मला बघवेना. यमुनाबाई गाडीतून उतरल्या. त्यांनी पिशवी उघडली, टाके घालायची एक सुई काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"तू वाईट काही केलं नाहीस," त्या म्हणाल्या. "श्वासाची जागा तेवढी झाकली गेली. मोकळी कर."

"मिस्त्री करतील बाई, माजा हात आता नको."

"तूच कर. तुझ्या देवाला दुसऱ्याचा हात कशाला?"

मल्लप्पानं खांद्यावरचा रुमाल झाकणाखाली धरला. नखानं खपली सोडवली, एक कणही खाली सांडू दिला नाही. मग सुई घालून भोक मोकळं केलं, उन्हाकडं धरून पाहिलं, आणि रुमालाची गाठ मारून ती पुरचुंडी छातीशी खिशात ठेवली. मी तोटी बंद केली. हँडल त्यानंच मारलं. पहिल्याला इंजिन गुरगुरलं, दुसऱ्याला चालू. वळसंग येईपर्यंत त्या गाडीनं एकदाही आचका दिला नाही. उताराला मी तिचा आवाज ऐकत होतो. इतका सरळ आवाज मला पुन्हा क्वचितच ऐकू आला.

घराच्या अंगणात पोचलो तेव्हा आतून महादेवीचं कण्हणं ऐकू येत होतं. मल्लप्पाची बायको गौरव्वा दारात होती. ती नवऱ्याशी कानडीत काहीतरी घाईनं बोलली आणि बाईंचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली. बाईंचा आवाज दारातून येत होता. हळू, एकसारखा. "आता थांब. आता जोर नको. आता. शाब्बास पोरी." ओरडणं नाही, घाई नाही. हातानं न दिसणारी गोष्ट समजून घ्यायची आणि ती मोडू न देता बाहेर काढायची, हे काम किती कठीण, ते मला थोडंफार कळतं. पण माझं इंजिन बिडाचं असतं. मोडलं तर दुसरं मिळतं.

मल्लप्पा अंगणात, गाडीच्या मडगार्डला टेकून बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. ऊन उतरायला लागलं होतं. मग आत एकदम सगळं शांत झालं. महादेवीचं कण्हणं थांबलं, बाईंचा आवाज थांबला, आणि बाळाचा आवाज काही येईना. आम्ही दोघंही उठलो. जन्मभर मी बंद इंजिनापुढं उभा राहिलो, पण तसा कधी उभा राहिलो नाही. मल्लप्पा माझा दंड धरून होता, आणि त्याची पकड इतकी घट्ट की पुढं दोन दिवस हात दुखत होता. आत चापट मारल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा. मग बारीक, खरखरीत, गुदमरल्यासारखा एक आवाज, आणि मागोमाग असं भोकाड, की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

"चालू झाली की," मल्लप्पा म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मीही रडलो. यात लपवण्यासारखं काय आहे?

बऱ्याच वेळानं गौरव्वानं आम्हांला उंबऱ्यापर्यंत बोलावलं. महादेवी डोळे मिटून पडली होती, पण तिचा चेहरा शांत होता. यमुनाबाई मूल धुतलेल्या लुगड्यात गुंडाळून घेऊन बसल्या होत्या. मुलगी होती. लालबुंद, कपाळाला आठ्या घातलेली.

मल्लप्पानं हात धुतले. खिशातून ती पुरचुंडी काढली, उघडली आणि बाईंपुढं धरली. "लावू का बाई?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात इतकं भय होतं, जणू आयुष्यात यापुढं कशालाच विभूती लावायची नाही, असं कुणीतरी आता म्हणणार होतं.

बाईंनी मिस्त्रीसारखी पुरचुंडी आधी नाकाशी नेली, पेट्रोलचा वास उरला नाही ना ते पाहिलं आणि माझ्याकडं बघून जरा हसल्या. मग म्हणाल्या, "लाव. श्वासाची जागा तेवढी सोड."

मल्लप्पानं करंगळीच्या टोकावर अगदी चिमूटभर घेतली आणि नातीच्या कपाळावर एकच बारीक रेघ ओढली. मग ते बोट पुसून त्यानं तिच्या नाकापुढं धरलं, आणि बोटाला तिचा गरम श्वास लागतोय ना, ते बघत तो तसाच कितीतरी वेळ बसून राहिला.